दोघींनी न पाहिलेले फाटे

प्रयोगशाळेत तिला सगळे घार म्हणत. नाव सरांनीच ठेवलं होतं, तेही तिच्या पहिल्याच महिन्यात. मायक्रोस्कोपखालच्या ज्या जागी चौघांना नुसतं धुकं दिसत होतं, तिथे ही डोळा न हलवता म्हणाली, "हा काय, इथे फुटलाय." सर म्हणाले, "बाई आहे की घार?" झालं. तेव्हापासून तिचं खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं. घरी नवरा कुरकुरायचा, "घारीला कॉलरवरचा डाग दिसतो, त्या कॉलरीतला माणूस तेवढा दिसत नाही."

तिचं काम असं होतं. तळहाताएवढी एक काच. तिच्यावर रसायनाचा जाड थर. अशा काचा मोठ्या फुग्याला बांधून आभाळात खूप उंच सोडत आणि खाली उतरवून धूत. वर असताना जे कण थरातून आरपार गेले, त्यांच्या वाटेवर काळ्या ठिपक्यांची ओळ उरे. कण कुणालाच कधी दिसत नाही, दिसतो तो त्याचा माग. ओल्या सिमेंटवर मांजराची पावलं उमटलेली असावीत आणि मांजर केव्हाच पसार झालेलं असावं, तसं. या वेळच्या काचांत मोजण्याजोगे माग होते तीन हजार. त्यातले काही मध्येच थबकत आणि दोन तुकड्यांत फुटत. त्या जागेला प्रयोगशाळेत फाटा म्हणत. फाटा सापडला की वहीत लिहायचं: काचेचा नंबर, आडवा आकडा, उभा आकडा. बारीक स्क्रू फिरवत थराच्या वरच्या अंगापासून तळापर्यंत उतरायचं, मग केसभर सरकायचं, पुन्हा वरून खाली. एकेका काचेला आठ-आठ दिवस जात.

आणि एक नियम होता. प्रत्येक काच दोघींनी पाहायची, वेगवेगळी. एकीने दुसरीची वही उघडायची नाही, काचेबद्दल आपसांत अवाक्षर बोलायचं नाही. नियम का, ते कुणी सांगितलं नव्हतं आणि घारीने विचारलं नव्हतं. तिची समजूत अशी की वरच्यांचा बायकांच्या कामावर भरवसा नाही, म्हणून एकीवर दुसरीचा पहारा बसवलाय.

दुसरी म्हणजे तिची नणंद. प्रयोगशाळेत त्यांना मोठ्या बाई म्हणत, घार त्यांना वन्सं म्हणे. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी घारीच्या नवऱ्याचं काम सुटलं, तेव्हा वन्संनीच सरांच्या टेबलापुढे उभं राहून सांगितलं होतं, "माझ्या भावजयीला मी शिकवते. नाही जमलं तिला, तर मला काढा." स्वतःची भाकरी पणाला लावून सख्ख्या बहिणीसाठीही कुणी असा शब्द टाकत नाही. त्याला एकोणीस वर्षं झाली होती. वन्संनी लग्न केलं नव्हतं. दोन गल्ल्या सोडून एका खोलीत एकट्या राहायच्या. जिभेने तिखट, आकड्यांना पक्क्या. एकदा ऐकलेला आकडा त्या महिनाभर विसरत नसत.

गेल्या वर्षी त्या चहा कपाबाहेर ओतू लागल्या.

"वन्सं, कप इकडे आहे."

"माहितीये. टेबलालाही चहा लागतो कधी कधी."

तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा घारीने त्यांना ओढतच डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजतोय. चष्म्याने भागणार नाही. कडेचं दिसत राहील, नेमकं समोरचं पुसट होत जाईल. बाहेर पडल्यावर वन्सं एवढंच म्हणाल्या, "प्रयोगशाळेत हे कळलं तर मी तुझी नणंद नाही." कडेला उभी बस त्यांना दिसली, पण समोरची पायरी चुकली. घारीने दंड धरला. तो त्यांनी सोडवून घेतला.

मदत सुरू झाली ती व्हरांड्यातल्या बेसिनपाशी. कप विसळता विसळता घार हळूच म्हणाली, "सतरा-बेचाळीस. खालच्या अंगाला."

वन्संनी नळ बंद केला. "हे काय?"

"काही नाही. तोंडातून निघालं."

"तोंडाला झाकण नसतं का?"

पण त्या दिवशी संध्याकाळी वन्संच्या वहीत सतरा-बेचाळीस उतरलं. दुसऱ्या दिवशी घारीच्या तोंडातून दोन आकडे निघाले. आठवडाभरात ती चालच पडली. बेसिनवर पाणी सोडायचं आणि पाण्याच्या आवाजात आकडे सोडायचे. घारीच्या मनाला तेव्हा काही टोचलं नाही. टोचणार तरी काय? ती खोटं काही सांगत नव्हती. प्रत्येक फाटा खरा, काचेत होता तिथेच होता. वन्संनी जाऊन पाहिला तर त्यांनाही अंधूक का होईना दिसायचाच. नियम मोडला खरा, पण नियम तर अविश्वासाचा. आठ महिने असे गेले.

एका सोमवारी सरांनी तिला खोलीत बोलावलं. वन्सं त्या दिवशी दात दाखवायला म्हणून डोळे दाखवायला गेल्या होत्या. सर उभेच होते. त्यांना आनंद झाला की खुर्ची सोसत नसे.

"घारबाई, तुमचे फाटे एकशे सत्तेचाळीस. मोठ्या बाईंचे एकशे सेहेचाळीस. आणि दोघींच्या वहीत सारखे किती? एकशे पंचेचाळीस! याचा अर्थ कळतो का? तुमच्या नजरेतून जवळजवळ काही सुटलेलंच नाही."

"सुटलेलं कुणी पाहिलंच नाही," घार म्हणाली, "मग ते सुटलं की नाही, हे कसं कळणार?"

सरांनी टेबलावर थाप मारली. "एकोणीस वर्षांनी विचारलंत! बसा. परातीत डाळ आहे. तुम्ही निवडलीत, दहा खडे दिसले. कुठे होते ते लिहिलंत आणि तसेच ठेवलेत. मग मोठ्या बाई बसल्या. त्यांनाही दहा दिसले. त्यातले नऊ तेच निघाले, तुम्ही पाहिलेले. डाळीत आणखी किती खडे असतील?"

"फार नसतील. एखादा."

"बरोबर. आता असं धरा, त्यांनाही दहाच दिसले, पण तुमच्याशी जुळणारे निघाले फक्त दोन."

घारीने क्षणभर विचार केला. "म्हणजे डाळ खड्यांनी भरलेलीच आहे. दोघींना वेगवेगळेच सापडतायत."

"पन्नासेक असणार! दहा गुणिले दहा, भागिले दोन. जे दोघींनीही पाहिलं नाही, ते आपण दोघींच्या न जुळण्यावरून मोजतो. मला तर हे जादूसारखं वाटतं. जगात जे आहे आणि कुणालाच दिसलेलं नाही, त्याची संख्या! फक्त एक अट. पहिलीला काय दिसलं ते दुसरीला ठाऊक नसलं पाहिजे. नाहीतर जुळणं म्हणजे नुसता प्रतिध्वनी. म्हणून तर तो नियम. तुम्हाला काय वाटत होतं?"

घारीला काय वाटत होतं, ते तिला त्या क्षणी उच्चारता आलं नसतं. 

सर बोलतच होते. दुसऱ्या एका प्रयोगशाळेने म्हटलं होतं की हजारात अठ्ठावन्न-एकोणसाठ कण असे फुटतात. यांच्या हिशेबाने एकोणपन्नास. फरक लहान नव्हता. सर बरोबर असले तर कणांबद्दलचं एक अख्खं गणित नव्याने मांडावं लागणार होतं. लेख तयार होता. त्यात सरांनी सभ्य शब्दांत लिहिलं होतं की त्या दुसऱ्या ठिकाणच्या पाहणाऱ्यांनी बहुधा धुळीलाच फाटे समजलं असावं. शुक्रवारी लेख रवाना होणार होता. शेवटच्या ओळीत दोघींचे आभार होते, नावांसकट.

घार आपल्या टेबलाशी परतली. त्या दुसऱ्या ठिकाणीही कुणीतरी आठ-आठ दिवस एका काचेवर मान मोडून बसली असेल. तिने धूळ आणि फाटा यांतला फरक बरोबर ओळखला असेल, आणि आता छापील कागदावर तिला आंधळी ठरवणार कोण? घारीच्या तोंडातून निघालेले आकडे. स्क्रूवर ठेवलेला हात तिने काढून मांडीवर ठेवला. 

घरी नवरा शर्टाला बटणं शिवत बसला होता. आता तो शाळेची बस चालवायचा आणि मुलं ओढून ओढून त्याची बटणं तोडत. तिने सगळं सांगून टाकलं.

"सगळे फाटे खरे आहेत ना?" त्याने विचारलं.

"खरे आहेत."

"एकही खोटा लिहिला नाहीस?"

"नाही."

"मग झालं की! खऱ्यात खरं मिळवलं तर खोटं कसं होईल?"

"तेच तर झालंय. एकेक नोंद खरी आहे आणि सगळ्यांची मिळून येणारी गोष्ट खोटी."

त्याने दोरा दाताने तोडला. "तिथे राहून तू बिघडलीस." मग पुढचं बटण उचलत म्हणाला, "ताईला काढलं तर ती त्या खोलीत भिंतींशी बोलत बसेल. तू सांग असं मी म्हणणार नाही. गप्प बस असंही माझ्याच्याने म्हणवत नाही. मला यात ओढू नकोस."

बुधवारी घरी परतताना तिने वन्संना गाठलं. वन्सं आता रस्त्यावर मान किंचित वळवून चालत, जणू शेजारच्या कुणाचं ऐकतायत. घारीने डाळ सांगितली, खडे सांगितले, लेख सांगितला. वन्सं मध्येच थांबल्या.

"म्हणजे जुळलं नसतं तरी चाललं असतं?"

"उलट न जुळलेलंच कामाचं होतं, वन्सं."

"आणि मला एकटीला जे दिसायचं, त्याला काही किंमत होती?"

"तुम्हाला एकटीला काय दिसायचं?"

वन्सं भिंतीला टेकल्या. "कडेला दिसायचं काहीतरी. मला मधलं दिसत नाही, पण मायक्रोस्कोपात जी उजेडाची गोल चकती दिसते, तिच्या काठाला नजर जायची. तिथे फाटा असल्यासारखं वाटायचं. लिहायची मी. मग तुझे आकडे यायचे, त्यात तो नसायचा. म्हटलं, घारीला दिसला नाही म्हणजे आपलेच डोळे खेळ करतायत. रबराने पुसून टाकायची."

 "किती पुसले?"

"पुसलेलं कोण मोजतं?"

तिने वन्संना मदत केली असं ती आठ महिने समजत होती. खरं तर वन्संचे उरलेसुरले डोळे तिनेच काढून घेतले होते. आणि वन्संनी तक्रार केली नव्हती, विश्वास ठेवला होता.

"मी सरांना सांगते," घार म्हणाली.

"माझे डोळे ही माझी गोष्ट आहे," वन्सं म्हणाल्या. "माझ्यासाठी तू पुष्कळ केलंस, वहिनी. आता पुरे."

इतक्या वर्षांत त्यांनी तिला कधी वहिनी म्हटलं नव्हतं. अगं, ए, घारे, जे तोंडाला येईल ते म्हणत. त्या एका शब्दाने त्यांनी तिला दाराबाहेर उभं केलं.

गुरुवार तिने कसाबसा काढला. शुक्रवारी सकाळी सर पाकिटावर पत्ता लिहीत असताना ती आत गेली. रात्रभर घोकून तिने एक वाट काढली होती.

"सर, लेख पाठवू नका. मी नियम मोडला. मी मोठ्या बाईंची वही बघून लिहीत होते. आठ महिने. त्यांना काही माहीत नाही."

सरांनी पेन खाली ठेवलं. रागावण्याआधी माणूस जसा रिकामा दिसतो, तसे ते दिसले.

"तुम्ही? तुम्हाला वही बघायची काय गरज?"

"आळस केला, सर."

"बाई, कुणी कुणाची वही पाहिली याने गणिताला काही फरक पडत नाही. दोन्हीकडून ते मेलंच." पाकीट त्यांनी उलटं करून ठेवलं. "तुम्ही एक खोटा फाटा लिहिला असतात तर मी तो पकडला असता. हे कसं पकडायचं? यात पकडायला खोटं काही नाहीच. मी त्या लोकांना धूळ मोजणारे म्हणायला निघालो होतो, आणि..."  खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "दोघींनी पुन्हा पाहायचं. वेगळ्या खोल्यांत. सगळ्या काचा. सोमवारपासून."

दार ओढताना घारीच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो. वन्सं वेगळ्या खोलीत, एकट्या, स्वतःच्या डोळ्यांनी. महिन्याभरात सगळं उघडं पडणार. जे झाकायला ती खोटं बोलली होती, त्यावरचंच पांघरूण तिने आपल्या हाताने ओढलं होतं.

वन्सं लेन्स पुसत होत्या. तिने सांगितलं. त्या ऐकत राहिल्या आणि मग त्यांचा आवाज चढला, "तू माझी वही चोरलीस? माझी? अगं, त्या वहीत माझं होतं काय?"

"मला वाटलं, तुमचं नाव..."

"माझं नाव वाचवायला माझ्या नावाने खोटं बोललीस. मला विचारलंस?"

लेन्सचं फडकं टेबलावर टाकून त्या उठल्या. भिंतीला हात लावत सरांच्या खोलीत गेल्या आणि दार मुद्दाम उघडं ठेवलं. घार व्हरांड्यात उभी राहिली. निघून जायला हवं होतं, पाय उचलले नाहीत.

"सर, माझ्या भावजयीला खोटं बोलता येत नाही, तरी हौस फार. वही मी लिहिली, आकडे तिचे. मला डोळ्यांपुढचं दिसत नाही. वर्ष झालं."

आत खुर्ची सरकली. मग सरांचा आवाज, "कडेचं दिसतं?"

"कडेचं दिसतं."

"किती सापडतील तुम्हाला?"

"निम्मे. कदाचित."

"निम्मे चालतील," सर म्हणाले. आवाजात माया नव्हती, थकवा होता. "पण तुमचे हवेत, मोठ्या बाई. तुमचेच."

घारीची वही तिच्याच डोळ्यांची होती, म्हणून ती पुन्हा करायची गरज उरली नाही. वन्संनी मात्र सगळ्या काचा नव्याने पाहायला घेतल्या. त्यांची स्मरणशक्ती आड येऊ नये म्हणून सरांनी काचा उलट्या दिशेने बसवून दिल्या, जुने आकडे निरुपयोगी झाले. रविवारसकट, रोज दिवे लागल्यावरही बसून, तीन महिने लागले. या तीन महिन्यांत सर घारीशी कामापुरतं बोलले. वन्सं तेवढंही बोलल्या नाहीत. बेसिनवर घार दिसली की त्या कप तसाच ठेवून परत जायच्या. घार कप विसळायची, त्यांचाही, आणि नळ शक्य तितका बारीक सोडायची.

शेवटी हिशेब आला. वन्संना फाटे सापडले चौऱ्याऐंशी. त्यातले सत्तर घारीच्या यादीतले. चौदा नवे. सरांनी फळ्यावर गुणाकार-भागाकार केला: काचांत एकूण फाटे असणार एकशे शहात्तरच्या आसपास. हजारात अठ्ठावन्न-एकोणसाठ. दुसऱ्या प्रयोगशाळेचाच आकडा. सरांचा शोध गेला. नवं गणित मांडायची गरज उरली नाही. निसर्ग होता तसाच होता. त्यांनी फळ्यावरचे शेवटचे पंधरा गोलात घेतले. दोघींना मिळून सापडलेले एकशे एकसष्ट, बाकी हे पंधरा. काचेत कुठेतरी असलेले, कुणीही न पाहिलेले. मग ते घारीकडे न बघता म्हणाले, "नवे चौदा तुम्ही पडताळा. जागा सांगितल्यावर तरी दिसतात का बघा. त्यांची ती धूळ आणि आपला तो फाटा, असं चालायचं नाही."

घार बसली. पहिली जागा लावली. फाटा होता, स्वच्छ, चकतीच्या काठाला. एकोणीस वर्षं ती मध्यावर नजर लावून बसली होती आणि काठावर हे बसलेलं होतं. दुसरा होता. तिसरा होता. प्रत्येक फाट्यासरशी तिला रबराचा आवाज ऐकू येई. हा वन्संनी तेव्हाही पाहिला असेल. हाही. घारीला दिसला नाही म्हणून पुसला असेल. तेरा फाटे तिने पाहिले आणि तेरा वेळा "दिसला" लिहिलं. एकेक शब्द लिहायला तिला मिनिट लागत होतं.

चौदावा दिसेना. जागा बरोबर होती. तिने स्क्रू वरपासून तळापर्यंत तीनदा उतरवला. एक माग होता, तो सरळ जात होता. शेजारी ठिपक्यांचा एक पुंजका होता, तो फाट्याचा तुकडा असू शकत होता किंवा रसायनाचा डाग. काच सांगत नव्हती.

मागे चाहूल लागली. दारात वन्सं होत्या, मान किंचित वळवलेली.

आठ महिन्यांपूर्वी घारीने "दिसला" लिहिलं असतं आणि ते वन्संवरचं प्रेम आहे असं मानलं असतं. आताही हात तिकडेच ओढत होता. वन्संचं एवढं पुसलं, एक तरी त्यांना परत द्यावा. एका फाट्याने सरांच्या आकड्यात केसभरही फरक पडणार नव्हता. तिने पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. पुन्हा मायक्रोस्कोपला डोळा लावला. डोळ्यांत पाणी आल्याने काही वेळ काहीच दिसेना. ते पुसून तिने पुन्हा पाहिलं. मग लिहिलं.

"काय लिहिलंस?" तीन महिन्यांनंतर वन्सं बोलल्या.

"दिसला नाही."

"मला दिसला होता."

"माहितीये, वन्सं."

वन्सं भिंतीला हात लावत टेबलापाशी आल्या. बाहेर कुणीतरी फायली ओढत नेत होतं.

"मग तेही लिही खाली," त्या म्हणाल्या. "दोन्ही लिही."

घारीने खाली लिहिलं: मोठ्या बाईंना दिसला. वन्संनी वही उचलून डोळ्यांच्या कडेशी धरली, दोन्ही ओळी वाचल्या, वही परत ठेवली आणि आपल्या खोलीत निघून गेल्या.